कडेचं कोण?

दारामागे अजून एक दार.
मधल्या अंधारात बूट आपटून बर्फ झाडायचा, मग आत.
आत सहा माणसं, सहा दिशांना तोंडं:
कुणी दह्यावरची तारीख वाचतंय,
कुणी नुसतंच फ्रिजच्या घरघरीकडे कान देऊन उभं.
ही रांग आहे हे कळायला मला एक हिवाळा लागला.

करागंडात रांग दिसत नाही, विचारावी लागते.
"शेवटचं कोण?" मी विचारलं, शिकवणीतलं वाक्य,
तर बटाट्यांच्या पोत्यापाशी उभ्या म्हाताऱ्यानं
माझ्याकडे न बघता दुरुस्त केलं:
"शेवटचं नाही, पोरी. कडेचं.
कडेचा मी. आता तू."

गेन्रिख दाविदोविच. एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत.
पिंजरा खाली निघाला की शेवटचं म्हणायचं नाही कशालाच,
पाळीला नाही, सिगारेटीला नाही.
वर आल्यावरही जीभ खालीच राहते.

बाकीचं रिम्मानं शिकवलं, गल्ल्यामागून, न बोलता.
तिला "मुली" म्हणायचं. ती त्रेसष्ट वर्षांची आहे.
एका पोरसवदा शिपायानं "बाई" म्हटलं,
तर तिनं त्याची मोड एकेक तेंगे करून मोजली;
अख्खी रांग खोळंबली, कुणी हूं की चूं केलं नाही.
"कृपा करून" आधी, पाव नंतर.
उगाच हसायचं नाही. मी हसले तेव्हा
तिनं मागे वळून पाहिलं, कुणाला हसतेय ही.
आणि पैसे हातात द्यायचे नाहीत:
काउंटरवर एक बशी आहे, कड उडालेली,
नोट बशीत, मोड बशीत,
बोटांना बोटं लागत नाहीत.

मार्चमध्ये गेन्रिख दाविदोविच जर्मनीला निघाला, लेकीकडे,
कायमचा.
दुकानात मी आणि रिम्मा. बाहेर बर्फाचा चिखल.
तो आला, बूट आपटले, सवयीनं विचारलं, "कडेचं कोण?"

"मी," रिम्मा म्हणाली.

अर्धा काळा पाव, शहाजिरे घातलेला, वाटेत खायला.
त्यानं नोट बशीत ठेवली.
तिनं मोड काढली, मोजली, पुन्हा मोजली,
बशी कोपरानं बाजूला सारली
आणि त्याच्या तळहातावर ठेवून
त्याची मूठ स्वतःच मिटली.

आमच्याकडे निघताना "जातो" म्हणत नाहीत,
मी मोडक्या रशियनमध्ये सांगितलं, "येतो" म्हणतात,
परत यायचं नसलं तरी.
त्यानं टोपी कानांवर ओढली. थोडा थांबला.
"म्हणजे तुमच्याकडेही खाणी आहेत."

मग दोन्ही दारं, एकामागून एक.
रिम्मानं बशी जागेवर आणली,
फडक्यानं पुसली, नको तितका वेळ,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"पिशवी हवी का?"