विषय क्रमांक सात

झेंडा सकाळीच चढला. पोरं बुंदीच्या पुड्या घेऊन पळाली.
सतरंजीवर उरलो आम्ही एकोणऐंशी,
कोरम भरला तशी ग्रामसेवकाच्या कपाळावरची शीर उतरली.

मी शिपाई. हात मोजायचं काम माझ्याकडे.
माझा पगार दिवाळीपासून थकला आहे,
पण तो विषयपत्रिकेवर नाही.

विषय क्रमांक सात: सरपंचांचे मानधन
ग्रामनिधीतून दरमहा दीड हजाराने वाढविणेबाबत.

नथ्थूजी काठी टेकत उठले:
‘आमच्या टायमाले सेवा होती. चहाबी घरचा पेत होतो.’
मागून कोणीतरी: ‘अन् अंगनातला मुरूम? थोबी घरचाच?’
नथ्थूजी बसले.

सरपंच पुष्पलता खाली पाहत होती,
बोटांवर बोंडांचे ओरखडे.
पंचायत समितीत बैठक लागली
की त्या दिवशीचा कापूस दुसरीच्या ओटीत जातो.
फरदडीचा तीस किलो, किलोमागे दहा.
हा हिशेब मास्तरांना कागदावर मांडावा लागला,
वेचणाऱ्या बायांना नाही.

तरी त्यांचे हात मांडीवरच.

मग चंद्रकला खिराडे उठली, पदर खोचत:
‘हात वर करतो ना बाप्पा, काहून नाई करनार?
पन पैशाचं कार्ड कोनाच्या खिशात हाय,
थे सांगा पहिले.’

काहींनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.
तिचा नवरा, ज्याला गाव सरपंचसाहेब म्हणतं,
बोटावर मोटरसायकलची किल्ली फिरवत होता.
ती थांबली.

किती वेळ गेला ते इतिवृत्तात नाही.
त्याने पाकीट काढलं. खताची पावती,
कुण्या देवाचा फोटो, त्याखालून ते निळं कार्ड.
टेबलावर ठेवलं, पाण्याच्या ग्लासाजवळ,
जरा जोरातच. ग्लास हलला.

मी मोजले. बाजूने चाळीस, विरोधात छत्तीस.
नवऱ्याने कोणत्याच वेळी हात उचलला नाही.
तीही बसून राहिली.
माझ्या एका हातात वही होती, दुसऱ्यात पेन.
ग्रामसेवकाने लिहिलं: चर्चेअंती मंजूर.

सतरंजी गुंडाळताना ती जवळ आली,
कार्ड मुठीत, कडा तळव्यात रुतलेल्या.
‘भाऊ, थो चार आकड्याचा नंबर
बदलवतेत कसा?’

मशीन दारव्ह्याला. एसटी नऊची.
म्हणजे उद्याचेही तीस किलो गेले.