गोड्या पाण्याचं बंदर

आम्ही लांब कुठे गेलोच नाही.
आईला स्पेन हवं होतं: संत्र्यांची झाडं, पाय भाजणारी वाळू.
बाबा म्हणायचे, आधी एडम नीट बघू.
मग होर्न. मग मेडेम्ब्लिक.
पुर्मरेंडहून निघायचं, फार तर तासाभराची वाट,
संध्याकाळी परत,
रात्रीचं सूप आपल्याच पातेल्यात.

जुलैतला शनिवार, हवामान ऐकून ठरवलेला,
तरी पिशवीत रेनकोट.
राईचा पाव, चीज, चार उकडलेली अंडी,
आणि मिठाची पुडी
ओट्यावरच राहिलेली.

प्रत्येक गावात एक बुरूज,
एक वखार, जिच्या विटांना म्हणे अजून मिरीचा वास येतो.
(येत नाही. मी नाक लावून पाहिलंय.)
दारावर कोरलेलं साल,
सालाखाली आईस्क्रीमची गाडी.
मिरी कुठून आली, कुणाच्या पाठीवरून उतरली,
ते पाटीच्या तळाशी, बारीक अक्षरात.

बाबा पाटी वाचत नसत.
आयुष्यभर कालव्यावरचा पूल उघडला-मिटला त्यांनी,
दगडांचं कौतुक त्यांना नव्हतंच.
ते थेट धक्क्याच्या पायऱ्या उतरायचे,
गुडघा टेकून एक बोट पाण्यात बुडवायचे,
जिभेवर ठेवायचे.
"गोडंच," म्हणायचे,
डॉक्टर रिपोर्ट वाचतात त्या आवाजात.
आई दुसरीकडे बघायची.

बत्तीस साली बांध पुरा झाला, समुद्राला दार लागलं.
बाबांचा जन्म अडतीसचा.
त्यांच्या वडिलांनी आधी इथे हेरिंग ओढली,
मग त्याच बांधावर दगड टाकले,
रोज हिशेबाने घेतला,
आणि घरी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.
फक्त जेवताना, म्हणे, ताटात मीठ फार घ्यायचे.

खाल्ल्या मिठाला जागणारे पुष्कळ.
बाबा न खाल्लेल्या मिठाला जागत आले.

आई गेली शेवटी स्पेनला, बहिणीबरोबर.
सोलवटलेलं नाक घेऊन परतली,
म्हणाली, सुंदर आहे, पण चहा वाईट.
आता तीही नाही.
फ्रिजवर अजून तिची संत्र्याची चुंबकी फोड,
तिच्याखाली माझं विजेचं बिल.

या वर्षी एंखुइझेन.
सत्त्याऐंशीचे बाबा, चाकांचा वॉकर,
आणि माझा टीमेन, नऊ वर्षांचा,
हातात फ्राईजचा कागदी शंकू, कोपरापर्यंत मेयोनीज.
बुरुजावरची घंटा पाऊणच्या ऐवजी दीडदा वाजल्यासारखी.
गावाच्या चिन्हावर तीन हेरिंग, मुकुट घातलेल्या;
बंदरात मात्र शिडांच्या सहली नावा,
एकीवर कुणी बिकिनी वाळत घातलेली.

पायऱ्यांपाशी बाबा थांबले.
पायऱ्यांकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं.
"तू जा," टीमेनला म्हणाले.
तो पोटावर आडवा झाला, मी त्याचा पट्टा धरला.
बोट बुडवलं. वर आलं. तोंडात गेलं.

"खारट!"

माझ्या हातात ओला रुमाल तयार होता,
तोंडात वाक्यही तयार होतं.
"किती?" बाबांनी विचारलं.
"खूप. जीभ चुरचुरते."
बाबांनी टोपी काढली.
बराच वेळ पाण्याच्या पलीकडे बघत राहिले,
जिथे बांध आहे, पण इथून दिसत नाही.
मग मला म्हणाले, मी वाद घालतेय असं समजून,
"आज वारा उत्तरेचा आहे."

मी रुमाल पिशवीत ठेवला.

परतीच्या गाडीत दोन जागा उलट्या दिशेच्या,
त्या आम्ही बाबांना नको म्हणून आम्हाला घेतल्या.
कोबीची शेतं मागे मागे सरत होती.
होर्नच्या अलीकडे टीमेनला आठवलं,
हात धुवायचे राहिलेच.

असू दे, मी म्हणाले.
बाबा डोळे मिटून होते,
ओठांवरून एकदा जीभ फिरली.