होल्डरमधला बर्फ

अक्षर माझंच आहे.
‘टी’ची आडवी रेघ पुढच्या अक्षरावर पांघरायची खोड
तेव्हा होती, अजून आहे.
पण ती ओळ लिहिल्याचं आठवत नाही,
असं मी रोव्हानिएमीच्या न्यायालयात
शपथेवर सांगितलं.

आठवतं ते वेगळंच.
सिर्का वानहालाची पायानं रेटायची घसरगाडी, फाटकाशी आडवी.
मुठीला अडकवलेली पिशवी,
पिशवीत बेकरीतले चार पाव, दगड झालेले.
उणे एकतीस होतं. पेनातली शाई गोठली
म्हणून मी शेजाऱ्याकडे पेन्सिल मागितली.
शेजारी पाउली राउतिओ.
त्यानं चाकूनं टोक काढून दिलं.

अडतीस वर्षं.
पुराव्याचं खोकं तीनदा बदललं,
तळघरात एकदा नदी येऊन गेली.
दोन तपास अधिकारी वारले, एकाला दारूनं नेलं
आणि मी निवृत्त झालो, गुडघ्यामुळे.
मग प्रयोगशाळेतल्या कुणा मुलीनं
मफलरीची गाठ सोडवली
आणि गाठीच्या आत पाउली सापडला.

वाटलं, झालं.
झालं नव्हतं.
आमच्या कायद्यात मनुष्यवध वीस वर्षांत विरून जातो,
खून विरत नाही.
त्याचा वकील मऊ बोलायचा. म्हणाला, हो, हात याचेच.
पण तो राग होता, घटकाभराचा.
ठरवलेलं काही नव्हतं.
म्हणजे पाउली आता उठणार, कोट चढवणार,
दुपारच्या बसनं घरी जाणार.
मागच्या बाकावर सिर्काची बहीण हेल्वी
थर्मासचं झाकण काढत होती, लावत होती.

तेव्हा सरकारी वकील मेर्वी लेहतोनिएमी
चष्मा कपाळावर सारून वाचू लागल्या, माझा कागद:
‘फाटकाच्या खांबावर बल्ब नाही.
होल्डरमध्ये बर्फ, काठोकाठ.’
एवढंच.
चोवीस वर्षांच्या पोरानं लिहिलेलं,
बहुधा साहेब बघत होते म्हणून.

मग हवामान खात्याची वही आली.
बर्फ पडला मंगळवारी, दुपारी.
त्यानंतर आभाळ कोरडं.
सिर्का मेली बुधवारी पहाटे, पाळी संपवून येताना.
मंगळवारी रात्री कामावर निघाली
तेव्हाही तिथे अंधारच असणार.
म्हणाली असेल, उद्या बघू.

राग घटकाभराचा असतो, मान्य.
पण बल्ब?
हातमोजा काढायचा,
काच निवेपर्यंत थांबायचं,
मग एकेक आटा उलटा फिरवायचा,
खिशात टाकायचा, जपून, फुटू नये असा.
घरी जाऊन जेवायचं.

पाउलीचा वकील उठला.
तुम्हाला हे आठवत नाही ना?
नाही, म्हटलं.
मग खरं कशावरून?
म्हटलं, आठवत असतं तर
इतक्या वर्षांत मी ते बिघडवलं असतं.

निकाल लागला. शब्द एकच होता, हवा होता तोच.
हेल्वीनं झाकणात कॉफी ओतून दिली.
गार होती. प्यालो.

पाउलीला नेताना तो माझ्याकडे बघून मान हलवून गेला,
गोठलेल्या तळ्यावर शेजारी शेजारी
मासे धरत बसायचो, तेव्हा हलवायचा तशीच.
किती हिवाळे. गळाला लागलेलं निम्मं
तो मला द्यायचा.

आता रात्री एकच छळतं.
ती ओळ पेन्सिलीनं लिहिलेली आहे.
पेन्सिल मी त्याला परत केली होती का?