दहा सेंटिमीटरची खिडकी

दर्शनी भिंतीवर अजून भोकं आहेत
काढून नेलेल्या अक्षरांची.
आधी एका सम्राज्ञीचं नाव, मग राजाचं, मग एका तारखेचं,
शेवटी नुसतं ‘आड्रिया’.
खाली समुद्र. त्याला कुणी पाटी लावली नाही.

मी यासेन्का. माझं काम खरवडण्याचं.
सर्जनच्या सुरीनं भिंतीवर
दहा सेंटिमीटरची चौकोनी खिडकी उघडायची,
एकेक रंग बोटभर मागे सारायचा
खपली काढावी तसा, रक्त न येऊ देता,
आणि वहीत लिहायचं: थर पहिला, थर दुसरा.
नव्या मालकांना मूळ रंग हवा आहे,
अठराशे चौऱ्याण्णवचा.
‘मूळ’ हा शब्द ते हळू उच्चारतात,
जुन्या वाइनचं नाव घ्यावं तसा.

या इमारतीला दोन जिने.
एक संगमरवरी, इतका रुंद
की दोन घेरदार झगे एकमेकांना न शिवता उतरतील.
दुसरा त्याच्याच पाठीत, लोखंडी, अंधारा;
गरम पाणी त्यावरून चढायचं, मैला उतरायचा.
आईनं तिथून एकोणीस वर्षं चादरी वाहिल्या.
पुढच्या जिन्याला पायऱ्या किती, तिला ठाऊक नव्हतं.
मागच्याला एकशे बारा, आणि नव्वदावी हलते.
अजून हलते. मी काल पाहिलं.

सज्जा डोक्यावर पेलणाऱ्या चार दगडी बायका
दगडी नव्हत्याच, आतून पोकळ निघाल्या.
पोटात चुना, घोड्याचे केस,
एकीच्या मानेत कोंबलेलं त्रिएस्तचं वर्तमानपत्र:
बटाट्याचे भाव, एक हरवलेला कुत्रा.
शंभर वर्षं लोक त्यांच्या मानेची कीव करत आले.
भार होता भिंतीतल्या गर्डरवर,
ज्याचं चित्र कुठल्याच पोस्टकार्डावर नाही.

आज खोली दोनशे चौदा.
वर बदामी, स्वस्त, घाईनं फासलेला.
त्याखाली तपकिरी, कामगारांच्या सुट्ट्यांच्या काळातला.
मग इस्पितळाचा चुना, मग हिरवा,
आणि तळाशी पिवळा, ज्याचे मला पैसे मिळतात.
मधासारखा. खोटं कशाला बोलू, सुंदर आहे.

पण तपकिरीवर पेन्सिलीच्या रेघा.
आडव्या, चौकटीलगत, एकावर एक.
दारियो ९१. सान्या ९१.
दारियो ९२. सान्या ९३.
दारियो ९४.
तेव्हा चारही मजल्यांवर निर्वासित होते.
झुंबराखाली धुणं वाळायचं,
बाथटबात कोबी आंबत घातलेला, आई सांगायची,
आणि तरी रोज कुणी ना कुणी
तिच्या हातून झाडू काढून घ्यायचं.

खिडकी मोठी करत गेले. जेवणाची सुट्टी निघून गेली.
दारियो तीन वर्षांत एकोणीस सेंटिमीटर वाढला.
सान्या त्र्याण्णवला थांबते.
दुसरी खोली मिळाली असेल. जर्मनी असेल.
किंवा मोठी झाली, आणि भिंतीला टेकून
उभी राहीना.

आर्किटेक्टनं फोटो पाहिला.
म्हणाला, हे नंतरचं आहे, काढून टाक.
नंतरचं तर सगळंच.
पिवळासुद्धा
गवंड्याच्या ओल्या बोटांनंतरचा.

संध्याकाळी रेघांवर पातळ कागद चिकटवला,
पाण्यानं सुटेल अशा खळीनं,
आणि त्यावर पिवळा, मूळ, दोन हात.
वहीत सगळं लिहिलं. वही कुणी वाचत नाही.
सुताराला तेवढं सांगितलं,
कोटाची खुंटी दुसरीकडे ठोक.
का, म्हणाला.
म्हटलं, इथं भिंत पोकळ आहे.