अकरा नंबरचा खिळा

कुंभारजुव्याच्या धक्क्याकडून वर चढलं की तिसरं दुकान.
आत एक खुर्ची, एक आरसा,
आणि खाडीकडच्या खिडकीखाली
सागवानी फळीला सव्वीस खिळे.
प्रत्येकावर बाबांनी लाल रंगानं आकडा घातलेला.
सातचा आकडा उलटा पडलाय, तो तसाच आहे.

ज्या वर्षी लोक एकमेकांच्या साबणालाही भिऊ लागले
त्या वर्षी बाबा म्हणाले, ज्याचा त्यानं ब्रश आणा.
आणले.
मास्तरांनी पितळी मुठीचा, रोहिदास शिंप्यानं प्लास्टिकचा,
गोविंदभटांनी नवा कोरा, रेशमी फडक्यात गुंडाळून.
त्याचे केस कसले, हे बाबांनी त्यांना
शेवटपर्यंत सांगितलं नाही.
कायतान तारवटीनं बोटीवरून आणला तो बिज्जूचा,
टोकाला पांढरा, मध्ये काळा,
मांजराच्या शेपटीसारखा मऊ.
त्याला अकरा.

मी नऊ वर्षांची. माझं काम धुणं.
पाणी कोमट. कढत घातलं तर आतला गोंद सुटतो,
गिऱ्हाइकाच्या गालावर केस राहतो,
आणि बाबांचे डोळे आरशातून माझ्यापर्यंत येतात.
अंगठा मुळाशी दाबायचा,
टोकाचा साबण जातो, मुळाशी चुना होऊन बसतो.
त्याला महिन्यातून एकदा माडाच्या विनेगरचं पाणी,
आईच्या लोणच्याच्या बाटलीतून, तिला न विचारता.
पिळायचा नाही. मुठीत दाबायचा, सोडायचा.
मग मनगटाचे तीन झटके.
मग मुठीच्या टोकाची तार खिळ्याला,
आणि बाबांचं वाक्य, कात्री थांबवून,
जणू मी रोजच विसरणार:
"केंस सकयल, मूठ वयर."
पाणी मुळात मुरलं की ब्रश आतून कुजतो.
बाहेरून वर्षभर चांगला दिसतो.

पावसाळ्यात फळीखाली चाळीसचा बल्ब जळायचा,
दिवसाही.
डबीत कोंडलेला ब्रश, बाबा म्हणत,
आठवड्यात हिरवा होतो,
तुझ्या काकाच्या कोटासारखा.

आता खुर्चीमागे मी.
पोरं मशीन मागतात, फोनमध्ये बघत मान वाकवतात.
त्यांना खिळे नकोत.
सव्वीसांतले सात ब्रश ओले होतात,
बाकीच्यांचे धनी लिस्बनला, स्विंडनला,
म्हापशाला लेकीकडे,
आणि काही जण जवळच, देवळामागच्या चढावर,
जिथून कुणी दाढीला येत नाही.
तरी सोमवारी दुकान बंद ठेवून
मी सगळे उतरवते.
न वापरलेला केस कोरडा पडून तुटतो,
त्याला मधूनमधून भिजवावं लागतं.
हे बाबांनी शिकवलेलं नाही.
मास्तरांच्या ब्रशानं शिकवलं,
एका सकाळी माझ्या तळहातावर अर्धा गळून.

परवा कायतान आला. आठ वर्षांनी.
छातीपर्यंत दाढी.
उंबऱ्यावरच थांबला, फळीकडे बघत:
"म्हजो आसा मूं अजून?"
मी अकरा काढला, कोमट पाण्यात बुडवला, हातात दिला.
त्यानं झटके मारले, बरोबर तीन.
थेंब आरशावर, माझ्या चष्म्यावर.
मग वाटीत साबण घोळवला
आणि घड्याळ काढून
पट्ट्याखालच्या गोऱ्या कातडीवर
फेस फासत बसला,
गोल गोल, कुणाची तरी हनुवटी असावी तसा.
दाढी काढू का, मी विचारलं नाही.
बोट कधीची, एवढंच म्हटलं.
"आतां बोट ना."
पैसे काढू लागला. कशाचे घ्यायचे?

ब्रश त्यानं स्वतःच धुतला, नळाखाली, बराच वेळ,
आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून गेला,
उभा, केस वर.

तो धक्क्याकडच्या वळणावर दिसेनासा झाला
तेव्हा मी तो उचलला
आणि अकराला टांगला,
उलटा. म्हणजे सुलटा.