लगेज

सर्जेकोटहून सकाळी सहा चाळीसची गाडी.
आधी खोका चढतो,
मग तारामती कोचरेकर.

तीन आठवडे मी तिच्याशी भांडलो:
पाणी गळतं, पाय घसरतात,
शाळेच्या पोरींचे मोजे भिजतात.
ती लगेजचे सुटे पैसे मोजून द्यायची
आणि खिडकीबाहेर बघायची.

चौथ्या आठवड्यात पाणी नाही.
म्हणजे होतं, पण कसालपर्यंत
बोटभर ओली रेघ, बस.

वाकून बघितलं.
थर्माकोल, एक कोपरा उंदराने खाल्लेला,
तिथे भाताचं तूस दाबून भरलेलं,
त्यावर रद्दी, त्यावर गोणपाट,
आणि सगळ्यांना कवेत घेऊन, गळ्यापर्यंत बटणं लावून
एक कोट. काळानिळा, जाड, आत लोकर.

मी आटपाडीचा. लोकर मला कळते.
म्हटलं, मावशी, बर्फ उकडून मरेल की!
गाडी हसली. तीही हसली.
"कोट ऊब देना नाय रे.
भितर जा आसा, ता राखता."

नवरा बोटीवर होता.
समुद्र गोठतो अशा कुठल्या बंदरात घेतलेला कोट,
पण घरी आल्यावर त्याला थंडीच भेटली नाही.
एकदा घातला, फोटोपुरता, मे महिन्यात,
कपाळ पुसत पुसत.
मग ट्रंकेत, डांबरगोळ्यांत, एकोणीस वर्षं.
त्यातली अकरा तो नसताना.

बापाच्या घोंगड्याला
मी आजवर उगाच गरम म्हणत आलो.
गरम बाप होता.

कसाल सुटलं की ऊन काचेतून आत घुसतं.
लोक सीट बदलतात, पदर ओढतात,
ड्रायव्हर टॉवेल लावतो दाराला.
कोटाच्या आत मात्र अजून पहाटेचे चार,
दोन सुरमया, थोडी पापलेटं,
जाळ्यातून नुकतीच सोडवलेली.

कणकवलीला ती बटणं काढते,
वरून खाली, सावकाश,
तिसरं अडतं, ते दातांनी.
बर्फ असतो.
कडा झिजलेल्या, पण असतो.

दुपारच्या परतीला खोका रिकामा,
कोट मांडीवर, ओला, मासळीच्या वासाचा.
एका बाहीत हात घालून ती झोपते.
हात थंड होत असेल. काढत नाही.

मी मशीनचं बटण दाबतो.
सर्जेकोट, एक फुल.
कोटाचं काही लावत नाही.