घाबरू नका, बसा

मालिकेचं हे नाव. सोमवारपासून, रात्री साडेनऊ.
भूत मी.

बावीस वर्षं हौशी रंगभूमीवर,
तीनदा उत्तेजनार्थ, एकदा रौप्य, तेही विभागून.
जहागीरदार आडनावाच्या माणसाला
भूमिका मिळाल्या सगळ्या कारकुनांच्या.
हा पहिलाच मृत. बढतीच म्हणायची.

दिग्दर्शक ढमढेरे, वय सव्वीस,
म्हणतो, काका, आधी किंचाळी, लगेच हशा,
मधे श्वासाएवढीही फट नको.
माणूस पोहे खाता खाता घाबरला पाहिजे
आणि घाबरता घाबरता त्याला ठसका लागला पाहिजे.

नऱ्ह्याच्या अंगाला एक अर्धवट इमारत,
बिल्डर बुडालेला, सातव्या मजल्यावर आमचा सेट.
कथेत मी इथेच फ्लॅट बुक केलेला गृहस्थ,
ताब्याची वाट बघत वारलो,
आता सोसायटीच्या मीटिंगला न चुकता येतो.
मेंटेनन्सच्या मुद्द्यावर हात वर करतो,
हात वर जातो,
आणि जातच राहतो, छतापर्यंत.
इथे किंचाळी.
अध्यक्ष म्हणतात, "सूचक झाले. अनुमोदक?"
इथे हशा.

रुबिना तोंडाला राख फासते,
गालांत खड्डे काढायला ब्रश उचलते
आणि म्हणते, तुमचे आहेत तेच गडद करते.
कपड्यांचे पैसे संपले होते.
"घरून काही आणाल का, गेलेल्या माणसाचं वाटेल असं?"
मी दादांचा स्वेटर नेला.
चॉकलेटी. कोपरावर आईनं विणलेलं ठिगळ.
खिशात पीएमटीचं तिकीट निघालं,
ते तसंच ठेवलं.

तीनला पॅकअप. टँकर आला नव्हता,
तोंड तसंच घेऊन हायवेला आलो, हात केला.
(नेहमीच्या लांबीचा.)
रिक्षा थांबली. खुटवड म्हणून होते.
आरशातून मला नीट बघून घेतलं.
"रात्रीचं दीडपट होईल," म्हणाले,
"कोणी असलात तरी."
नवले पुलाशी त्यांनी हॉर्न दिला.
समोर कुणी नव्हतं.
"इथं द्यायचा असतो," म्हणाले.
"तुम्हाला काय सांगायचं."

सोमवारी खालच्या गोगटेबाई चिवडा घेऊन आल्या,
डबा आजच परत हवा, हे दारातच सांगून.
आई खुर्चीत.
गेल्या दिवाळीपासून ती मला अहो-जाहो करते.
जेवून जा म्हणते.
मग म्हणते, निघा आता, घरी वाट बघत असतील.

पहिल्या किंचाळीला चिवडा सांडला.
मी पडद्याकडे बघत नव्हतो.
हात छताला लागला, सगळे हसले,
आईही हसली, सगळे हसतात म्हणून,
आणि थांबली.
पुढे वाकली.
कोपरावरचं ठिगळ
पडद्यावर पुरत्या एका सेकंदाचं.

"बाह्या आखूड पडतायत त्यांना," म्हणाली.
"थंडी असेल तिकडे.
माझ्या सुया कुठे ठेवल्यात?"

जाहिरात लागली.
गोगटेबाईंनी विचारलं, हे नक्की हसायचं होतं का?

मंगळवारी सेटवर ढमढेरे बोंबलला,
कंटिन्युइटी! काका, स्वेटर कुठाय?
स्वेटर घरी. एक बाही उसवलेली,
आईच्या मांडीवर.

बुधवारी रविवार पेठेत
लोकरीच्या दुकानात उभा आहे,
हातात चॉकलेटी धागा, बोटभर.
दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बघतो.
"ही छटा बंद झाली. जवळची देतो.
बाहीच ना? हात केवढा आहे?"

छतापर्यंत, मी म्हणतो.

तो हसत नाही.
वर बघतो, पंख्याच्याही वर,
ओठांत काहीतरी मोजतो,
आणि अकरा गुंडे बांधून देतो.
"उरले तर परत घेणार नाही."